रेडिओ

लाडक्या चिऊ,

सकाळी तू न्हाणीघरात गात होतीस आणि मावशीने फोनवर विचारलं, "कोण गं गातंय?"

मी म्हटलं, "रेडिओ."

कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या शाळेत शिकूनही मला खोटं किती पटकन सुचलं. दोनदा नापास होऊन मेडिकल सोडलेली मुलगी इतकं मोकळं गाते, हे मला सांगवेना.

ओले केस पुसत तू म्हणालीस, "आई, रेडिओ एवढा बेसूर असतो?" आणि हसत बालवाडीत शिकवायला गेलीस. माझी मान वर झाली नाही.

कॉलेजात होतीस तेव्हा न्हाणीघरातून फक्त पाण्याचा आवाज यायचा. मी मात्र सगळ्यांना सांगायचे, पोरीचं छान चाललंय.

हे पत्र तुला द्यायचा धीर नाही. पण उद्या मावशीचा फोन येईल तेव्हा तू गात असलीस, तर कोण गातंय ते मी सांगेन.

तुझी,
आई