तब्येत जरा जास्त झाली

मी, शेख शफीक शेख हबीब, वय पंचावन्न, राहणार बाळापूर, जिल्हा अकोला, धंदा यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत शर्यतीच्या मोटारी चालवणे आणि सध्या काहीच नाही, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दारू मी कधी प्यालो नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मला विचाराल तर ते फेब्रुवारीपासून पुरतं ठिकाणावर नाही, पण कायद्याला डॉक्टरांचा शब्द पुरतो.

मला रोग कोणताही नाही. मृत्युपत्र करण्याचं कारण दुसरं आहे. माझी एकुलती एक मुलगी अलीझा हिला माझी शर्यतीची गाडी हवी आहे आणि गाडीत बाजूच्या सीटवर सूर्यभान इंगळे हवा आहे. माझी बायको नगमा म्हणते, गाडी खुशाल द्या, पण तो माणूस माझ्या पोरीच्या बाजूला बसला तर मी माहेरी जाईन. तिच्या माहेरी आता कोणी राहिलेलं नाही, तरी ती जाईल. हा निकाल मी जिवंत असताना माझ्या हाताने व्हावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम पहिले. वकील रागिणी गावंडे यांनी मला समजावून सांगितलं की मुसलमान माणसाला आपल्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचं शरियतने आपोआप वाटलं जातं, त्यात माझी लुडबूड चालत नाही. मला हे आवडलं. जन्मभर सगळे म्हणत आले की शफीकभाई कोणाचं ऐकत नाही. मेल्यावर तरी ऐकेन. तेव्हा बाळापूरचं घर आणि बँकेतली शिल्लक नगमा, अलीझा आणि माझा धाकटा भाऊ शाकीब यांच्यात कायद्याने जाईल. नगमाला त्या घरातून तिच्या हयातीत कोणी उठवू नये, ही माझी विनंती आहे. विनंती करायला कायद्याची आडकाठी नाही.

कलम दुसरे. शाकीबचा हिस्सा बिनबोभाट द्यावा. मार्चभर मी त्याच्याशी बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, कारण त्याची चूक नव्हती. ते पुढे येईल.

कलम तिसरे. अकोल्याच्या वर्कशॉपमधली सगळी हत्यारं, दोन्ही जॅक आणि वेल्डिंगचं मशीन माझा मिस्त्री ओमप्रकाश याला द्यावं. ही माझ्या तिसऱ्या हिश्श्यातली पहिली आणि शेवटची खैरात. ओमप्रकाशने मात्र माझा मोठा पाना शेजारच्या टायरवाल्याला उसना देऊ नये. तो टायरवाला माझ्या निवृत्तीच्या दिवशी म्हणाला होता, "बरं झालं, लोकायलेबी चान्स भेटन." लोकांना म्हणजे त्याच्या मेहुण्याला. मेहुण्याला अजून चढावर दुसरा गिअर टाकता येत नाही.

कलम चौथे. मी राजस्थानातली सहा दिवसांची वाळवंटाची शर्यत जिंकलो. या वयात त्या शर्यतीत पहिला नंबर काढलेला दुसरा कोणी मला माहीत नाही. बाळापूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कपाशीच्या गाठींचा ट्रक चालवून शिकलेल्या माणसाला वाळूचं काय, असं लोक सत्कारात बोलले आणि मलाही ते पटायचं. त्याच सत्कारात, अकोल्याच्या हॉलमध्ये, हार गळ्यात असताना मी सांगितलं की आता बस, यापुढे गाडी नाही. "ऐन भरात काहून सोडून राहिले, शफीकभाई?" असं मला पानवाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांनी विचारलं. कंबर दुखते, असं मी सगळ्यांना सांगितलं. कंबर ठणठणीत आहे.

त्या विजयाचा फोटो पेपरात आला होता. त्यात मी ढाल डोक्यावर धरली आहे आणि माझे सगळे दात दिसतात. तो फोटो घरात, वर्कशॉपात किंवा कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लावू नये. लावलेला असल्यास उतरवावा. ज्या घडीला मी असा हसत होतो, त्या घडीला माझी आई कुलसुमबी कब्रस्तानात होती, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कलम पाचवे. सूर्यभान नत्थुजी इंगळे, राहणार तेल्हारा, याला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही.

याचा खुलासा करणं भाग आहे. सूर्यभान माझ्या बाजूच्या सीटवर बसणारा माणूस. घरी कपाशी करतो, शर्यत आली की माझ्यासोबत येतो, आणि हे वीस-बावीस वर्षं चाललं. त्याचं काम रस्ता वाचण्याचं. पुढचं वळण, खड्डा, उतार, सगळं टिपणावरून तो आधी बोलतो आणि मी त्याच्या बोलण्यावर गाडी टाकतो. "उजवा, दबून घ्या. पुढं गड्डा हाय. आता सोडा मोकळी." धुळीत मला बोनेटसुद्धा दिसत नसे, तरी मी ॲक्सिलरेटर सोडला नाही, कारण सूर्यभान खोटं बोलत नाही हे मला पक्कं होतं.

आमचा एक रिवाज होता आणि तो मीच लावला होता. शर्यत सुरू झाली की माझा फोन सूर्यभानकडे. जेवण काय, झोपायचं कुठे, घरून कोणाचा फोन, सगळं त्याने बघायचं. चालवणाऱ्याचं डोकं रिकामं पाहिजे.

चौथ्या दिवशी दुपारी गाडीची तेलपाण्याची वेळ होती. मी आमच्या सामानाच्या जीपच्या सावलीत उताणा पडलो होतो. तेव्हा शाकीबचा फोन आला, तो सूर्यभानने घेतला. शाकीब म्हणाला, "सूर्यभानभाऊ, अम्मीची तब्येत जरा जास्त झाली. भाईजानले घेऊन निघा."

आमच्या वऱ्हाडात हिंदू असो की मुसलमान, मौतीची खबर फोनवर सरळ कोणी देत नाही. तब्येत जरा जास्त झाली, निघून या, इतकंच म्हणतात. ऐकणारा समजतो. सगळा रस्ता त्याला ठाऊक असतं, तरी घराचं दार येईपर्यंत तो शब्द कोणी काढत नाही. गाडी चालवणाऱ्याचा हात कापू नये म्हणून ही सोय आहे. सूर्यभानलाही समजलं. तो शाकीबला म्हणाला, "हो, निघतो." मग त्याने फोन बंद केला, खिशात टाकला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "उठा शफीकभाई, टाइम झाला."

मी उठलो आणि गाडीत बसलो.

तिकडे बाळापुरात दुसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजपर्यंत जनाजा थांबवून ठेवला. मोठा मुलगा निघाला आहे, येतोच आहे, असं शाकीब प्रत्येकाला सांगत होता. माणसं फाट्यावर उभी राहून प्रत्येक जीपकडे पाहत होती. शेवटी मौलाना म्हणाले, आता मय्यतीला ताटकळवणं बरं नाही. आईला धाकट्याने, शाकीबने, माती दिली, आणि याच रागात मार्चभर मी त्याच्याशी बोललो नाही. मी त्या वेळी एका टेकडीच्या उतारावर "आता सोडा मोकळी" ऐकून गाडी सोडत होतो, आणि मला फार मजा येत होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला फार मजा येत होती.

सहाव्या दिवशी ढाल मिळाली, फोटो निघाला. मी मंचावरून उतरलो तर सूर्यभान खाली उभा. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने माझा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "शफीकभाई, आता घरी चाला. अम्मीची तब्येत जरा जास्त झाली."

मी विचारलं, "कधी?"

"परवा."

माझ्या हातातून ढाल पडली नाही. लोकांना वाटतं अशा वेळी पडते. मी ती घट्ट धरून तसाच उभा राहिलो, आणि एका पोराने मला त्याच्या वहीवर सही मागितली, तीही मी केली. माझी बोटं सही करत होती आणि मला वाटत होतं, हा कोण माणूस सही करतो आहे? अजूनही दुपारी डोळा लागला की मी त्या मंचाखाली उभा असतो.

घरापर्यंत जीप मीच चालवली. सवयीने सूर्यभान पुढचं वळण सांगत राहिला आणि सवयीने मी ऐकत राहिलो. बऱ्हाणपूर आलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "काहून केलं असं?"

मला वाटलं होतं, तो म्हणेल की तुमच्या भल्यासाठी केलं. तसं म्हणाला असता तर मी त्याला तिथेच उतरवून दिलं असतं. तो म्हणाला, "मले जिंकायचं होतं."

मग म्हणाला, "आमच्या गावात कर्जापायी कोनी ना कोनी फास घेते, फोन वाजला का बाया आधी रडाले लागतात, मंग फोन उचलतात. दोन-तीन साल झाले, कोनी बी चांगली खबर घेऊन आला नाई. मले वाटलं, एक घेऊन जाऊ. तुमची माय मलेबी जेवू घालत होती, शफीकभाई. मी चूक केली. पन मले जिंकायचं होतं."

मी त्याच्या कानाखाली वाजवायला हात उचलला. तो हलला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमाले सांगतलं असतं, तर तुमी वापस फिरले असते का?"

माझा हात खाली आला. होय म्हणायला तोंड उघडलं आणि होय निघेना. मी तेव्हा पहिल्या नंबरावर होतो. मेलेली आई परत येणार नव्हती, दोनच दिवस उरले होते, आणि मी स्वतःला ओळखतो. मी फिरलो असतो, बहुतेक फिरलो असतो. हा बहुतेक मला त्या दिवसापासून झोपू देत नाही. ज्या धंद्यापायी आईच्या मातीच्या बाबतीत मला बहुतेक म्हणावं लागतं, तो धंदा मला नको. मी शर्यत सोडली ती याच्यामुळे, कंबरेमुळे नाही. आता सगळ्यांना कळलं.

कलम सहावे. निघताना आईने माझ्या दंडावर इमाम जामीन बांधला होता. हिरव्या फडक्यात नाणं, प्रवासाला जाणाऱ्याच्या रक्षणासाठी. माणूस सुखरूप पोचला की तो सोडतात आणि नाणं गरिबाला देतात. आमच्या घरी तो आईच सोडायची. तो अजून माझ्या दंडावर आहे, मळून काळा पडला आहे, नगमा रोज ओरडते. मला पोचल्यासारखं वाटतच नाही, तर सोडू कसा? मला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देतील तेव्हा सोडावा आणि ते नाणं कब्रस्तानाच्या दाराशी जो कोणी बसला असेल त्याला द्यावं.

कलम सातवे. शर्यतीची गाडी मी आजच अलीझाला बक्षीस करून दिली आहे, कागद वेगळा केला आहे, किल्ली तिच्या हातात आहे. ही गाडी माझ्या मालमत्तेत धरू नये. अलीझा माझ्यापेक्षा चांगली चालवते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण ती आधीच माझं ऐकत नाही.

बाजूच्या सीटचा निकाल असा. नगमा, तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे. ज्याने तुझ्या सासूची माती चुकवली त्याला आपल्या पोरीशेजारी बसवू नये. मी चार महिने हेच म्हणत होतो. पण वाळवंटात धूळ उडाल्यावर आपल्या पोरीला वळण कोण सांगेल, याचा विचार केला की मला एकाच माणसाचा आवाज ऐकू येतो. तो मला जन्मात एकदा खोटं बोलला. रस्त्याबद्दल एकदाही खोटं बोलला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. माफी देणं मला जमेल असं वाटत नाही, आणि त्यानेही मागितलेली नाही. सूर्यभान अलीझाच्या बाजूला बसेल. नगमाने माहेरी जाऊ नये.

कलम आठवे आणि शेवटचे. अलीझा शर्यतीत असताना मी मेलो, तर शाकीबने सूर्यभानला फोन करावा आणि तब्येतीची गोष्ट काढू नये. शफीक मेला, असं म्हणावं. सूर्यभानने ते ऐकताक्षणी अलीझाला सांगावं. गाडी पहिल्या नंबरावर असो, शेवटचं वळण राहिलेलं असो, आधी गाडी उभी करायला लावावी आणि तब्येतीच्या शब्दांत नाही, आडून नाही, सरळ सांगावं की तुझा बाप गेला. त्यानंतर त्याने गप्प बसावं. घरी चल म्हणू नये आणि पुढे चल म्हणू नये. गाडी कोणत्या बाजूला वळवायची हे अलीझा ठरवील. ती आली तर तिने माती द्यावी. ती आली नाही तर माझा जनाजा तिच्यासाठी थांबवू नये, आणि ती का आली नाही असं तिला कोणी, नगमानेसुद्धा, कधीही विचारू नये.

साक्षीदाराबद्दल वकीलताई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची सही घेऊ नये, मागून वाद होतात. म्हणून ज्याला काही मिळत नाही त्याला बोलावलं आहे.

हे सगळं मी सांगितलं, वकीलताईंनी उतरवून घेतलं, मला वाचून दाखवलं. बरोबर आहे. यात खाडाखोड नाही.

ठिकाण: बाळापूर, जिल्हा अकोला
तारीख: ९ जुलै २००७

(सही) शेख शफीक शेख हबीब

साक्षीदार पहिला:
(सही) कौशल्या वानखडे, निवृत्त शिक्षिका, राहणार मूर्तिजापूर

साक्षीदार दुसरा:
(सही) सूर्यभान नत्थुजी इंगळे, राहणार तेल्हारा
सहीखाली साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिले: वाचलं. सांगीन.