अर्धी सांगितलेली चेटकीण

घोटी, १८ जुलै १९९४

ती. योगिनीताईस मोहिनीचा सा. न. वि. वि.

तू नाशिक रोडहून पाठवलेलं परीकथांचं पुस्तक मिळालं. वाडीच्या शाळेतल्या माझ्या दुसरीच्या मुलांना रूपावरून माणूस पारखू नये हे कळावं, म्हणून त्यातली चेटकिणीची गोष्ट घेतली. शेवटी तीच सगळ्या गावाला तापातून वाचवते, ती. मुलांना ती डोळ्यांसमोर दिसावी म्हणून मी शहाणीने तिला इकडचंच रूप दिलं. हनुवटीवर गोंदण, एक डोळा पांढरा, पाठीवर पाल्याचं गाठोडं. ती बघते आणि मुलं तापाने फणफणतात, इथवर आणून थांबले. उरलेली उद्या, म्हटलं. नेमकी पावसाने आठ दिवस शाळा बंद पडली.

आज शाळा उघडली, तर कुसाबाईची नात भागी आली नाही. कुसाबाई वाडीत झाडपाल्याचं औषध देते आणि तिचा एक डोळा पांढरा आहे. गोष्ट रंगवताना ती माझ्या मनात नव्हती, असं मला म्हणवत नाही. आता पोरं तिच्या मागे भुताळीण म्हणत धावतात. वाडीतल्या धोंडीरामच्या मुलाला ताप आला, तेव्हापासून आयाही तेच म्हणू लागल्यात. इकडे हा शब्द चेष्टेत घेत नाहीत, ताई. या नावाखाली बायकांना गावाबाहेर काढलेलं आहे. माझ्या जिवाला स्वस्थता नाही. काय करू ते लवकर कळव.

तुझ्या मायेतली,
मोहिनी

नाशिक रोड, २२ जुलै १९९४

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तुझ्या भावजींचा चहा गार झाला. लहानपणी जेवण अर्धं टाकून खेळायला पळायचीस, आता गोष्ट अर्धी टाकलीस. खोड काही जात नाही. आधी ती पुरी कर. मुलं आहेत, विसरतील. आणि स्वतःला इतकं खात बसू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

तुझीच,
ताई

घोटी, ६ ऑगस्ट १९९४

ती. ताईस सा. न.

गोष्ट पुरी केली. वर्गातला लहानू उठून म्हणाला, ती गोष्टीतली बाई, वाडीतली तशी नाय.

इथे भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, बायका पाळीपाळीने एकमेकींच्या खाचरात जातात. यंदा कुसाबाईकडे कोणी फिरकलं नाही. मी माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, माफी ऱ्हाऊ द्या बाई, माझं रोप जून व्हतंय. चार दिवसांत लागलं नाही, तर वर्षाचा भात गेला असता. म्हणून रविवारी पदर खोचून मीच चिखलात उतरले. माझ्या ओळी इतक्या वाकड्या, की ती शिव्या घालत पुन्हा लावायची. दुपारी बांधावर सगळ्यांदेखत तिच्या हातची नागलीची भाकर खाल्ली. पोरं टक लावून बघत होती, बाई आजारी पडते का म्हणून.

सोमवारी मी ठणठणीत शाळेत गेले. संध्याकाळी सिंधुबाई, म्हणजे धोंडीरामची बायको, खाचरात उतरली. तिच्या मुलाचा ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या आणि भात लागला. मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

भागी मात्र शाळेत आजच आली. मी मुलांना विचारलं, कोणती गोष्ट सांगू? भागी खाली मान घालून म्हणाली, जिच्यात कोणच वाईट नाय, अशी सांगा.

ताई, मला अशी एक आठवेना. शेवटी पाढे म्हणायला लावले. घरी येऊन तुझं पुस्तक पानन् पान चाळलं, त्यातही नाही. तुला येते का अशी एखादी? सोमवारी ती पुन्हा विचारणार आहे.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मोहिनी