मध्ये न बोलण्याच्या अटीवर

मी, दीपमाला नागोराव नगराळे, वय अठ्ठावीस, धंदा ऑनलाइन अर्ज भरून देणे, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मध्ये न बोलता लिहून ठेवत आहे.

येत्या गुरुवारी यवतमाळला माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन किरकोळ आहे. या शब्दावर माझा विश्वास नाही. माझे तोतरेपणही सगळ्यांना किरकोळच वाटत आले आहे. भूल दिल्यावर माणसाला बोलता येत नाही, असे नर्सने समजावले. मला त्यासाठी भूल लागत नाही.

१. घरामागची खोली मी माझ्या कमाईतून बांधली. ती आईला द्यावी. तिथे कोणी धान्याची पोती ठेवू नयेत.

२. माझे पहिले शिक्षण घरी झाले. "जीभ जड हाये, येवढ्यात शाळेत नोका घालू," असे सगळ्यांनी सांगितल्यावर बाबांनीच मला ओट्यावर बसवून वाचायला शिकवले. आम्ही दोघे एका सुरात वाचत असू. सोबत कोणी बोलत असले की तोतरे माणूस बहुधा अडत नाही, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. पोरगी सुधारली, असे बाबांना वाटले. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी नाव विचारले. माझे नाव 'द'पासून सुरू होते. ते ठेवताना मला कोणी विचारले नव्हते. "स्वतःचं नाव विसरली का?" बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला. त्या बाईंना मी माफ केले आहे, असे इथे लिहायला हवे. पण खोटे विधान केल्यास मृत्युपत्र रद्द होते की काय, याची खात्री करता आली नाही.

बाबांना माझे वाचनाचे टेबल आणि दिवा द्यावा.

३. आत्या रुखमाबाई हिने माझ्या जिभेसाठी आणलेले वेखंड, ते उगाळायची सहाण आणि मधाची बाटली तिला परत करावी. पोपटाने टोचलेले पेरू परत करता येत नाहीत. ते मी खाल्ले. "मिठूचं उष्टं खाय, पोपटावानी बोलशीन," असे ती दर हंगामात सांगे. पोपट दोनच शब्द बोलतो आणि तेही दुसऱ्याचे, हे मला तिला सांगायचे होते. मी सुरुवात करेपर्यंत ती पुढचा पेरू आणायला गेलेली असे.

४. भाऊ संघदीप यास माझी स्कूटी द्यावी. हा प्रेमळ आहे. फक्त माझी वाक्ये तो पूर्ण करतो. मी 'प' म्हटले की पाणी आणून देतो. एकदा त्याच्या पाठीवर पाल आहे, हे मला सांगायचे होते. त्याने पाणी आणले. मी ते प्यायले. पाल बराच वेळ होती.

५. दिग्रसहून मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना काही देणे नाही. "पोरगी शांत हाये," म्हणून ते खुश होते. मग मी बोलले आणि शांत ते झाले.

६. माझ्या कपाटात एका टाचणीत टोचलेले दोन कागद आहेत. पहिला एका कार्यालयाचा. लेखी परीक्षेत मी वर होते; मुलाखतीनंतर शेरा आला, "उमेदवाराच्या संभाषणात दोष आहे." दोष आहे तर त्याचा दिव्यांग दाखला मिळेल, असे मला वाटले. मला जागा राखून नको होती, वेळ राखून हवा होता. म्हणून मी बाबांना घेऊन वैद्यकीय मंडळापुढे गेले.

तिथे डॉक्टरांनी नाव विचारले. मी 'द'वर थांबले. बाबांना ते पाहवले नाही.

"घाबरली हाये जी साहेब," ते म्हणाले. "घरी बुद्धवंदना कशी खडखडीत म्हणते! म्हण वो माय."

आणि त्यांनी 'नमो तस्स' सुरू केले. वंदना सुरू झाल्यावर गप्प बसायची आमच्या घरात पद्धत नाही. मी हात जोडले आणि पंचशील संपेपर्यंत कुठेही अडले नाही. डॉक्टरही उभे राहिले होते. खाली बसून त्यांनी लिहिले, "वाचा सामान्य." हा दुसरा कागद.

बाहेर आल्यावर बाबांची छाती फुगली होती. "पाह्यलं? एक अक्षर नाही अडकलं. काहून अपंग म्हणवून घेतं स्वतःले? तुले काहीच नाही झालं."

दिव्यांग दाखल्यांचे अर्ज मी दुकानात रोज भरते, दुसऱ्यांचे. यादीत वाचादोष आहे. पण स्वरयंत्र काढावे लागले, मेंदूला इजा झाली, अशांचा. कधी अडते आणि कधी अडत नाही, असला दोष त्या रकान्यात मावत नाही. लंगडणाऱ्या माणसाला मात्र कोणी "चार जणांच्या खांद्यावर हात टाकून चाल, मग बघू" म्हणत नाही.

तर माझा दोष नोकरी देताना दिसतो आणि दाखला देताना दिसत नाही. हे कागद त्या दोन्ही कार्यालयांना मिळून द्यावेत. त्यांनी आपसात बोलून ठरवावे. त्यांना बोलता येते.

७. आता मुख्य बाब.

मला कचोरी आवडते. हे वाचून घरचे चकित होतील, कारण त्यांनी मला नेहमी समोसाच खाताना पाहिले आहे. मी 'क'वर अडते, 'स'वर अडत नाही. बस स्टँडजवळ देवीलालभाऊ राठोड यांच्या गाडीवर मी शाळेपासून समोसा खाते आहे. मंडळापुढून परत आल्यावर बाबांनी आनंदाने विचारले, "काय खातं?" तेव्हाही मी समोसाच म्हटले.

मागच्या बाजाराच्या दिवशी संघदीपची मुलगी खुशी, वय सात, माझ्यासोबत त्या गाडीवर उभी होती. काही महिन्यांपासून तीही अडते. आत्याने पेरू सुरू केले आहेत. खुशीने कढईकडे पाहिले आणि "क... क..." म्हणाली. मागचा माणूस ओरडला, "बोल न वो लवकर, गाडी सुटून राह्यली!" खुशीने इकडेतिकडे पाहिले आणि एका दमात म्हणाली, "समोसा."

तिने तो निमूटपणे खाल्ला. मी पाहत होते. ऑपरेशन गुरुवारी आहे, पण हे मृत्युपत्र मी त्या समोशामुळे लिहीत आहे.

म्हणून पोस्टातली माझी सर्व बचत आणि दुकानातला संगणक व प्रिंटर विकून येईल ते, खुशीला चांगल्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेण्यासाठी वापरावे. व्यवस्था वहिनी प्रियंकाने पाहावी. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारी या घरात ती एकटीच आहे. उपचाराने खुशीचे अडणे थांबले नाही, तरी ते पैसे वाया गेले असे कोणी म्हणू नये. शाळेच्या तोंडी परीक्षेत तिला जास्त वेळ मिळावा, असा अर्ज वहिनीने दरवर्षी द्यावा. नमुना मी करून ठेवला आहे.

अट अशी : जो कोणी खुशीचा शब्द तिच्याआधी पूर्ण करील, तिला उष्टी फळे चारील किंवा पाहुण्यांसमोर काही म्हणून दाखवायला लावील, त्याला या मृत्युपत्रातून मिळालेली वस्तू खुशीची होईल. संघदीपने स्कूटीची चावी जपून वापरावी.

पुढे कायदा शहाणा झाला आणि खुशीला मंडळापुढे न्यायची वेळ आली, तर तिने आत एकटीने बोलावे. बाबांनी बाहेर बसावे. बाबा, ही शिक्षा नाही. तुमच्यासोबत मी कधीच अडले नाही. म्हणूनच मी अडते हे तुम्हाला कळले नाही.

८. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सर्वांना कचोरी द्यावी. वंदना सर्वांनी मिळून म्हणावी. देवीलालभाऊ या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून लाभ घेता येत नाही. त्यामुळे त्यांनी त्या दिवशी स्वतःचीही कचोरी खाऊ नये. फार तर घरी जाऊन खावी.

टंकलेखक म्हणतात, वाचायची गरज नाही, सही पुरे. तरीही मी हे साक्षीदारांसमोर आणि घरच्यांसमोर मोठ्याने, एकटीने वाचून मगच सही करणार आहे. वेळ लागेल. खुशीला पुढे बसवावे.

ठिकाण : आर्णी
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

(सही) दीपमाला नागोराव नगराळे

साक्षीदार १ : (सही) रवी मुनेश्वर, टंकलेखक. मृत्युपत्र माझ्यासमक्ष वाचले व त्यावर सही केली.

साक्षीदार २ : (सही) देवीलाल राठोड, नाश्तागाडीवाला. ताईनं सारं एकटीनं वाचलं. लय जागी थांबल्या, पन एक शब्द सोडला नाही. नागोरावकाका दोनदा सोबत वाचाले लागलते. ताईनं हात वर केला, ते गप बसले. मंग डोये पुसत बसले. रुखमाबाईनं तोंडात पदर धरून ठेवला. संघदीप पानी आनाले उठला आन चावी आठवून बसला.

वाचनं झाल्यावर मी सोबत आनलेला डबा उघडला आन खुशीले इचारलं, काय देऊ? कोनी बोललं नाही. तिनं 'कचोरी' पुरं म्हनेपर्यंत डब्यातली थंडी झाली, म्हून गाडीवर जाऊन ताजी तयून आनून देल्ली. पैसे घेतले नाही. म्हंजे या मृत्युपत्रातून मले लाभ झाला नाही, तोटाच झाला. साक्ष पक्की समजावी.