सात विहिरी, पाच हात

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही, पण पट्टी आठवते. सातवीचा वर्ग. सरासरी शिकवायची म्हणून तुम्ही पुढच्या पाच पोरांची भाकरीची फडकी सोडायला लावली. पाटलाच्या पोराकडे सहा भाकऱ्या, एकाकडे दोन, दोघांकडे एकेक आणि माझं फडकं रिकामं. "एकूण दहा, भागिले पाच. प्रत्येकी दोन," तुम्ही फळ्यावर लिहिता आणि मी उठून म्हणतो, "गुरुजी, पर माज्याकडं एक बी न्हाई." वर्ग हसतो. "तुझी भूक नाही विचारली, सरासरी विचारली!" आणि हातावर पट्टी. दुसऱ्या दिवशी तेच गणित मी बिनचूक सोडवलं, तोंडातून ब्र काढला नाही. तुम्ही शाबास म्हणालात, एक पेन्सिल दिलीत. शाळेत मिळालेली ती एकच शाबासकी. त्याच वर्षी बापानं मेंढरांमागं धाडलं.

यंदा आमच्या वाडीला टँकर यायचा. दुष्काळी माण तालुक्यात ते काही नवं नाही. तो चालू ठेवायचा की नाही, यासाठी विहिरींचं पाणी मोजून कागद तालुक्याला जातो. मोजायचं काम माझ्याकडे, कारण माझा दोर खरा: टोकाला दगड, हाता-हातावर गाठ, किती गाठी भिजल्या ते बघायचं. एकदा मोजून माझी खात्री होत नाही, म्हणून प्रत्येक विहीर तीनदा मोजली. पाच विहिरींत एकेक हात, एकीत दोन, आणि डोंगराखाली तलावाजवळच्या विहिरीत अठ्ठावीस. कागदाच्या तळाशी आकडा होता, सरासरी पाच हात. तालुक्याच्या साहेबानं तेवढाच वाचला. पाच हात पाणी असताना टँकर कशाला? टँकर बंद झाला. सून आता दोन घागरी घेऊन डोंगर उतरते आणि ऊन चढल्यावर धापा टाकत येते.

नात नववीत आहे. तिनं माझी वही ओढून घेतली.

"आबा, साती आकडं ल्हानापास्नं मोठ्यापातूर मांडा. मदला कुठला?"

"चौथा. एक."

"ह्यो मध्यक. आन् सगळ्यात जास्त येळा कोण आला?"

"एकच की."

"ह्यो बहुलक. एकच आकडा लय मोठा असला की सरासरी फुगती, तवा ही दोन बघायची. पाच हात पानी असलेली एक तरी इहीर दावा मला."

तिच्या पुस्तकात हे दोन पानांत आहे, गुरुजी. तुम्हाला ठाऊक नव्हतं, की रिकाम्या फडक्याच्या पोराला सांगण्याजोगं वाटलं नाही? माझा प्रश्न बरोबर होता. तुम्ही तो पट्टीनं मोडलात आणि मग पेन्सिल देऊन कायमचा बंद केलात.

पारावर सगळे साहेबाला शिव्या घालतात. "आवं, त्येला येकदा घागर घिऊन डोंगर चढवा!" मीही मान हलवतो. नुसत्या सात आकड्यांचा नवा कागद लिहून ठेवलाय; उद्या तालुक्याला जातो, असं चार दिवस म्हणतोय. तिथं विचारतील, पहिला कागद कुणी केला.

हे पत्र त्या नव्या कागदाखालीच ठेवतो. वाडीत कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. ग्रामसेवकानं माझ्याकडे फक्त सात विहिरींचे आकडे मागितले होते. बेरीज, भागाकार, उत्तराखाली दोन रेघा, हे सगळं मी माझ्या मनानं केलं. वाटलं, कुणीतरी शाबास म्हणेल.