डब्याच्या झाकणाला फट नको

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सोबत पत्र्याचा मोठा डबा पाठवतोय. त्यात पीठ भरू नकोस! आत तुमच्या छतावरच्या सोलरसाठी जादा चार्ज कंट्रोलर आणि छोटा इन्व्हर्टर आहे. आभाळातून आलेला किंवा माणसानं घडवलेला विजेचा जबरदस्त झटका लांब तारांतून शिरतो आणि ही नाजूक यंत्रं क्षणात जाळतो. पॅनेल आणि बॅटऱ्या बहुधा तरतात. चहूबाजूंनी पत्रा असला, की झटका बाहेरच्या बाहेर जातो. मात्र झाकणाला फट नको. पत्र्याला पत्रा भिडलाच पाहिजे.

जोडणी कागदावर लिहिलीय, तारांना रंगीत चिठ्ठ्या बांधल्यात. भावजींचं प्राणवायूचं यंत्र त्या सोलरवर चालतं, म्हणून माझा जीव टांगणीला लागतो. त्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं.

ताईची माया भरपूर आहेच, थोडी आणखी चालेल.
तुझा खटपट्या

ता. १९ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
डबा पोचला. ह्यांनी विचारलं, मेहुण्यानं स्वतःलाच बांधून पाठवलंय की काय. इतके हसले की खोकल्याची उबळ आली. जन्मभराच्या सुतारकामानं छातीत भुसा गेला, पण जिभेची धार काही बोथट झाली नाही.

मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू मायेनं पाठवलास, म्हणून पलंगाखाली राहू दिलाय. स्वतःच्या जेवणाकडे लक्ष दे, की तेही डब्यात बंद करून ठेवलंयस?

पत्राला उशीर करशील तर कान धरीन.
तुझी ताई

ता. ८ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि आज त्याहून पुष्कळ काही.
परवा दुपारी समोरच्या खांबावर वीज कोसळली. भिंतीवरचा इन्व्हर्टर चरचरला, जळका वास सुटला आणि ह्यांचं यंत्र बंद पडलं. लगेच सिलिंडर लावला, पण तो दीड तासच पुरतो. रस्त्यात झाड आडवं पडलेलं, दवाखान्याची गाडी येईना.

मग तुझा डबा ओढला. आधी छतावरचा खटका पाडला, नंतर चिठ्ठीला चिठ्ठी जुळवत बॅटरी जोडली, शेवटी पॅनेल. घाईत दोन स्क्रू सांडले, ते पलंगाखालून शोधून काढले. हे पलंगावरून खुणेनंच पाना कसा धरायचा ते दाखवत होते. सव्वा तासानं यंत्र घुरघुरलं आणि मी फरशीवर बसून रडले. माझा संसार तुझ्यामुळे राहिला रे.

तुला उदंड आयुष्य मागणारी,
ताई

ता. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून डोळे भरून आले. पण खोटं श्रेय घेणार नाही. न जोडलेलं यंत्र नुसतं कपाटात असतं, तरी या विजेतून बहुधा वाचलं असतं. मोठ्या झटक्याची परीक्षा अजून झालेलीच नाही, आणि न होवो. इथे नातलगांना दिलेल्या डब्यांत कुणी रद्दी भरली, कुणी डबा भंगारात घातला. तू एकटीनं सांभाळलास, तेव्हा उपकार तुझेच आहेत.

नवे सुटे भाग पाठवतोय. माझी एक चूक मात्र झाली. झाकणाच्या काठावरचा रंग खरवडायचा राहिला. रंगामुळे पत्रा पत्र्याला भिडत नाही. तो काढायला हवा.

भावजींना नमस्कार सांग. तुझ्या रागालोभाचा धनी,
खटपट्या

ता. २५ जून

प्रिय खटपट्यास,
सप्रेम नमस्कार.
एरवी मी पत्र लिहीत नाही. पाच ओळींत दम लागतो. हे मी तुला लिहिलंय, असं ताईला कळू देऊ नकोस, रागावेल. काठाचा रंग मी मार्चमध्येच काढलाय. ती बाजारात गेली, की पॉलिशपेपर ओला करायचा, धूळ उडू द्यायची नाही, आणि बोटभर घासायचं. न भिडलेला सांधा सुताराला दिसतोच. त्यातच उरलेला मार्च गेला.

चेष्टा थांबवली असती, तर मी किती घाबरलोय ते तिला कळलं असतं. माझा श्वास एका तारेवर चालतो, हे इथे कुणी बोलत नाही. डॉक्टर धीर देतात, शेजारी विषय बदलतात. तू मात्र ती भीती खरी धरलीस आणि तिच्यावर इलाज करत बसलास. वीज पडली त्या दिवसाचं तर आहेच. पण मला मार्चपासून शांत झोप लागते, बाबा, ती तुझ्यामुळे.

आता दम लागला. माझी चेष्टा चालूच राहील, तिच्यात माया आहे असं समजून घेत जा.
तुझा भावजी