जोतीरामचा उजवा हात

शाहूवाडी, २२ जुलै २०२४

चि. अनुजास आजोबांचे आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे. जोतीरामविषयी मात्र तसे लिहवत नाही. तुझा हा काका भातलावणीला म्हणून रजेवर आला. आजवर बोलावूनही तो कधी चिखलात उतरलेला नाही. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, जेवतो डाव्या हाताने. विचारले तर ऊन दूध सांडले म्हणतो. टॉवेल सरकला तेव्हा पाहिले, दुधाने कातडी अशी काळी पडत नाही.

तो फौंड्रीत भट्टीवर आहे आणि तेथेच तू सुरक्षा अधिकारी आहेस. वर्षभरात एकही अपघात नाही म्हणून पंधरा ऑगस्टला मालक तुझा सत्कार करणार, असे तूच कळवलेस. तेव्हा हा अपघात तू दडवलास, की तुझ्यापासून दडवला गेला, याचा खुलासा करावा. फोनवरचे बोलणे माणसे मागाहून फिरवतात. उत्तर लेखी यावे.

खरे लिहिशील या भरवशावर लोभ आहे तसाच आहे.

हंबीरराव

कसबा बावडा, २६ जुलै

ती. आबांस अनुजाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. मला काहीच ठाऊक नव्हते. भट्टीवर जाऊन एकेकाला विचारले. शेवटी काकांचा जोडीदार धैर्यशील बोलला, "म्याडम, तुमचा सत्कार हाय म्हणून गप बसलो की."

हातमोजा फाटका होता, तापलेले लोखंड आत उडाले. नवे मोजे मी कधीपासून मागते आहे. मालक म्हणतात, अपघातच होत नाहीत तर खर्च कशाला. आज भट्टीचे काम मी थांबवले. त्यावर, घरचे प्रकरण घरात ठेवा, नाहीतर नोकरी बघा, असे त्यांनी सुनावले. काकांनी स्वतः येऊन सांगितल्याशिवाय माझे म्हणणे टिकणार नाही, आणि ते माझा फोन घेत नाहीत. आबा, त्यांना गप्प राहायला घरातूनच तर कोणी सांगितले नाही ना?

रागावलात तरी माया कमी करू नका.

अनुजा

शाहूवाडी, ३० जुलै

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

तुझा संशय वाचून दोन घास कमी गेले. मी तसे काही सांगितलेले नाही. परंतु जोतीरामला समोर बसवले, तेव्हा तो म्हणाला, "आबा, सत्काराचं गावभर तुम्हीच सांगितलासा. तिकडं जायला जीपबी ठरवलासा. मग म्या कुठल्या तोंडानं सांगू?"

हात डॉक्टरांना दाखवला. दोन बोटे पुन्हा मिटतील याची खात्री ते देत नाहीत.

सत्कार होणार नाही, हे मी आज देवळापुढे बसणाऱ्यांना स्वतः सांगितले. हसायचे ते हसले. जीप मात्र रद्द केलेली नाही. सोमवारी तीतूनच जोतीरामला घेऊन फौंड्रीच्या दारात येतो. मालकांपुढे तो बोलेल, मी शेजारी उभा राहीन. फेटा सत्कारासाठी आणला होता, तो बांधूनच येईन.

तुझाही लोभ असू द्यावा.

हंबीरराव