दादाच्या रायफलीवरचा रेड डॉट

३ मार्च, संध्याकाळ
वहिनीकडून रायफल क्लबमधल्या कपाटाची किल्ली आणली. दादाची रायफल आता महिनाभर माझी. तीस तारखेला त्याच्या नावाची मॅच आहे. घरातलं कुणीतरी उतरायला हवं, आणि घरात नेमबाज म्हणावा असा मीच. दादा होता, पण दादा आता नाही.

किल्लीबरोबर वहिनीने एक डबी दिली. सीलसुद्धा न फोडलेली. आत इवलासा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच, आणि तो रायफलीच्या बाजूला तिरका बसवायची पकड, माउंट. लांबच्या टार्गेटला वरची दुर्बीण. जवळचं आलं की रायफल जरा कलती करायची, बाजूच्या काचेतला लाल ठिपका टार्गेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. दादाने गेल्या वर्षी मागवला होता. ये, दोघं मिळून बसवू, असा त्याचा फोन यायचा. येतो म्हणायचो. बस डेपोत नवीन वेळापत्रक लागत होतं, एकशे चाळीस गाड्यांचं. एका माणसाने कुठे कुठे पुरं पडायचं.

संकल्प: दादाने जिथे बसवला असता तिथेच बसवणार. सूतभरही इकडेतिकडे नाही.

५ मार्च
क्लबच्या आर्मररला, म्हणजे बंदुकांची देखभाल करणाऱ्याला, सगळे मास्तर म्हणतात. चष्मा कायम कपाळावर. म्हणाला, उजव्या हाताने मारता ना, मग उजवीकडे बसवा. दुर्बिणीच्या नॉबच्या पुढे, मधल्या पक्क्या पट्टीवर. नळीच्या आवरणावर नको, ते दाबलं की हलतं. स्क्रू आवळा, झीरो करा, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी येईपर्यंत जुळवा, आणि मग हात लावू नका. जागा हलली की झीरो गेला. अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ध्या तासाचं म्हणे. भावाचं काम आहे हे, पंक्चर काढणं नाही. तोंडावर म्हणालो नाही. मनात म्हणालो.

८ मार्च, दुपार
बसवला. उजवीकडे, पुढे. मास्तर म्हणाला तीच जागा, पण माझ्या स्वतंत्र विचाराने. झीरो केला. वीसपैकी एकोणीस गोळ्या टार्गेटच्या काळ्या वर्तुळात. विसावी हवेमुळे.

रायफल टेबलावर ठेवली आणि पाठीमागे कुणीतरी खाकरलं. दादा असंच खाकरायचा. माझं काही चुकलं की बोलायचा नाही, नुसता घसा साफ करायचा. वळून पाहिलं. रिकामी खुर्ची आणि पंखा.

घाबरलो वगैरे नाही. पण जागा चुकली असणार, एवढं नक्की.

९ मार्च
मागे घेतला, डोळ्याजवळ. दादाची मान आखूड, त्याला जवळच सोयीचं पडलं असतं. आता दुर्बिणीचं नॉब आड येतं, अर्धी काच झाकतं. दादाने चालवून घेतलं असतं. तो कुणाचंही चालवून घ्यायचा.

१२ मार्च, सकाळी ७.१०
कपाट उघडलं तर आत अंधारात ठिपका पेटलेला. काल मी तो विझलेला पाहून कुलूप लावलं होतं, शंभर टक्के. खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं बाहेर पायरीवर बसून होतो.

मास्तर म्हणाला, हल्लीचे डॉट थोडे हलले की आपोआप जागे होतात, दार तुम्हीच ओढता. मान्य. पण मी दार हळू ओढलं होतं.

१५ मार्च
मी जेवताना चमचा पंचेचाळीस अंशात धरून एका डोळ्याने बघतो, अशी हिची तक्रार. वर म्हणाली, दादांना विचारायचं होतं तर ते होते तेव्हा विचारायचं. हिला माउंटिंगमधलं ओ का ठो कळत नाही. जेवण अर्धवट टाकून उठलो, भूक नव्हती म्हणून.

१९ मार्च
आज नळीच्या आवरणावर. कारण: दादाचे हात लांब. मास्तरने बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

पुन्हा खाकरणं. या वेळी डावीकडून. म्हणजे डावी बाजू?

२० मार्च
डावीकडे बसवला. रायफल उलट्या अंगाला कलंडवावी लागते, कोपर कानापर्यंत येतं. सहा गोळ्या मारल्या. कागदावर एक, तीही शेजारच्याच्या. मी दादाचा भाऊ म्हणून त्याने नुसता कागद बदलला.

२३ मार्च
आज क्लबला गेलो नाही. पाठ धरली आहे.

दादाचा शेवटचा फोन आठवत होता. आधी बराच वेळ नुसता खाकरला. मग म्हणाला, डबी अजून बंदच आहे. मी म्हणालो, फोडू नकोस, मी आल्यावर फोडू. एवढं मात्र त्याने माझं ऐकलं.

त्याच्या घरापर्यंत थेट बस आहे. दर वीस मिनिटांनी. वेळा मीच लावलेल्या.

२८ मार्च
पुन्हा उजवीकडे, नॉबच्या पुढे, पक्क्या पट्टीवर. मास्तरने स्वतः स्क्रू आवळले आणि रंगाची खूण केली. झीरो झाला. दहापैकी दहा. सगळे प्रयोग करून मी शास्त्रशुद्ध पद्धतीने याच जागेवर आलो, असं मास्तरला सांगितलं. त्याने मान हलवली.

संकल्प: आता हात लावणार नाही.

३० मार्च, सकाळी ९.४०
मॅचला वीस मिनिटं. कपाटाजवळ एकटाच होतो. पुन्हा कुणीतरी खाकरलं. अगदी कानाशी.

स्क्रू सैल करून बोटभर मागे घेतला. झीरो करायला वेळ नाही. दादाचीच इच्छा आहे, तर जुळेल.

३० मार्च, दुपार
लांबची: दहापैकी नऊ. जवळची: सहापैकी शून्य. पंधरा पावलांवर, ताटाएवढी टार्गेटं. सहाही वेळा ठिपका बरोबर मध्यावर होता. मागे दादाचे मित्र उभे होते.

मास्तरने विचारलं, सकाळी हात लावलात का. मी म्हणालो, माउंटमध्येच दोष आहे.

३१ मार्च
किल्ली द्यायला वहिनीकडे गेलो. तिने विचारलं, शेवटी कुठे बसवलात भाऊजी. सगळं सांगितलं. पुढे, मागे, डावीकडे, आवरणावर, का आणि कसं. खाकरण्याचंही सांगून टाकलं. मग विचारलं, दादाच्या मनात नेमकी कुठली जागा होती, तुला काही बोलला होता का.

वहिनीने किल्ली खिळ्याला अडकवली. म्हणाली, तुम्हाला फोन करायला लागले तेव्हाच त्यांना रायफल उचलवत नव्हती. चमचा उचलवत नव्हता. नुसतं ये म्हटलं तर तो येणार नाही, काहीतरी काम काढलं तर येईल, असं म्हणून त्यांनी ती डबी मागवली. तुम्ही कुठेही बसवला असतात तरी त्यांना चाललं असतं.

बसा, चहा टाकते, म्हणाली. मी म्हणालो, घाईत आहे, डेपोत वाट बघताहेत.

जिना उतरून स्टॉपवर आलो. तीन बस सोडल्या. घाई कसलीच नव्हती.